नाव एकच, घरं दोन: सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यातलं लायब्ऱ्यांचं प्रकरण

२०२४ चा मे महिना, दुपारचे अडीच. या वेळी सोलापुरात पंख्याखाली पडून राहण्यापलीकडे काही होत नाही, त्यामुळे फोन वाजला तेव्हाच कळलं की काहीतरी बिघडलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे मालक बोलत होते. "जेकार्डचा कॉम्प्युटर बसला होता म्हणून नवीन आणला. आता नवीन पण बसला की ओ!"

नवा कॉम्प्युटर तिसऱ्याच दिवशी कसा बसतो, याचं हे प्रकरण. ते सविस्तर लिहितोय, कारण यातली चूक मी आजवर चार-पाच ठिकाणी पाहिली आहे आणि दर वेळी ती करणारा माणूस बऱ्यापैकी हुशार होता. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं लागतील.

काय होतं तिथे

कारखान्यातले बहुतेक माग साधे आहेत, दोन मात्र इलेक्ट्रॉनिक जेकार्डचे, म्हणजे कापडात नक्षी विणणारे. पूर्वी जेकार्डला भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ लागायची. भोक असेल तर हूक वर, नसेल तर खाली, आणि त्यावर ताण्याचा (उभा) कोणता धागा उचलला जाणार ते ठरायचं. इलेक्ट्रॉनिक जेकार्डमध्ये पत्त्यांची जागा फाइल घेते. चित्रातल्या एकेका ओळीवर बाण्याचा (आडवा) एकेक धागा पडतो. ही फाइल मागाच्या कंट्रोलरला पाठवायला एक प्रोग्राम लागतो, आणि तो कंट्रोलर विकणाऱ्यानेच दिलेला असतो. विकणाऱ्याने तो धंदा कधीच बंद केला. प्रोग्रामचा सोर्स कोड कुणाकडेही नाही. उरलं काय, तर एक तयार ३२-बिट (जुन्या पिढीच्या प्रोसेसरसाठीची) फाइल, परवान्याचा एक यूएसबी डोंगल आणि प्रोग्रामला कोणत्या लायब्ऱ्या (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या तयार कोडच्या फाइली) लागतात त्याची एक पानाची यादी. ते पान हळदीच्या डागांसकट टेबलाच्या काचेखाली होतं.

जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन ६ (लिनक्सचा एक प्रकार) होतं, २०११ सालचं, ३२-बिट. एप्रिलच्या उन्हात त्याचा मदरबोर्ड गेला, पण डिस्क वाचली. नव्यावर दुकानदाराने डेबियन १२ टाकून दिलं, ६४-बिट. मालकांचा पुतण्या बीसीएला आहे. जुनी डिस्क जोडायची, प्रोग्रामचा फोल्डर नव्यावर आणायचा आणि चालू करायचा, हे काम त्याच्याकडे आलं.

आयकॉनवर डबल क्लिक केलं, काहीच झालं नाही. टर्मिनलमधून चालवलं तर उत्तर आलं: "कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड". पुतण्याने मला नंतर जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत देतो: "काका, फाइल तर समोर हाय की. नावबी बरोबर, परमिशनबी दिलती. मग नाही म्हणतंय कशाला?"

प्रश्न रास्त आहे. खरं तर आता बॅश (टर्मिनलमधल्या कमांडी वाचणारा प्रोग्राम) ५.२ मध्ये हा संदेश थोडा सुधारलाय, निदान "लागणारी फाइल" असं म्हणतो. आधी तो सरळ "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" म्हणायचा, आणि माणूस एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारून मारून डोळे फाडून त्याच फाइलीकडे बघत बसायचा.

नसलेली फाइल कोणती

लिनक्सवरचा प्रोग्राम सहसा एकटा चालत नाही. त्याच्या पोटात, अगदी सुरुवातीला, एक पत्ता लिहिलेला असतो: मला चालवण्याआधी या लोडरला बोलवा. लोडर येतो, लागतील त्या लायब्ऱ्या शोधून मेमरीत मांडतो आणि मग सूत्रं प्रोग्रामच्या हातात देतो. ३२-बिट इंटेल प्रोग्रामच्या पोटातला पत्ता "/लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२" असा असतो. ६४-बिटवाल्याचा "/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२". नव्या मशीनवर पहिला लोडर नव्हताच. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) प्रोग्राम सापडला, तो उघडला, आतला पत्ता वाचला, त्या पत्त्यावर कुणी नाही. म्हणून "फाइल नाही". नाही ती लोडरची फाइल. संदेशात नाव मात्र प्रोग्रामचं.

हे दोन कमांडींत कळतं. "फाइल" ही कमांड प्रोग्रामवर चालवली की ती स्वच्छ सांगते: ईएलएफ ३२-बिट, इंटेल ८०३८६, इंटरप्रिटर (म्हणजे लोडर) अमुक. ईएलएफ हे लिनक्सवरच्या प्रोग्राम फाइलीच्या रचनेचं नाव. मग तो इंटरप्रिटर जागेवर आहे का ते बघायचं. झालं.

पुतण्याने "फाइल" नाही, "एलडीडी" वापरली, कारण प्रोग्रामला कोणत्या लायब्ऱ्या लागतात ते बघायला सगळे तेच सांगतात. ३२-बिट लोडर नसलेल्या मशीनवर एलडीडी म्हणते, "नॉट अ डायनॅमिक एक्झिक्यूटेबल". म्हणजे याला लायब्ऱ्या लागतच नाहीत! हे धडधडीत खोटं. एलडीडीला तो प्रोग्राम तपासायला योग्य लोडरच मिळत नाही, म्हणून ती हात वर करते. एकाच प्रश्नाला मशीनने दोन चुकीची उत्तरं दिल्यावर त्या पोराने काचेखालचं पान काढलं, आणि मला वाटतं त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

पानावर नावं होती: लिबएसटीडीसी++, लिबएक्स११, जीटीके २, लिबपीएनजी१२, लिबयूएसबी. जुन्या डिस्कवर या सगळ्या थेट "/यूएसआर/लिब"च्या आसपास होत्या, कारण डेबियन ६ च्या काळात घर एकच होतं. नव्या मशीनवर त्याने बघितलं तर बाकीच्या लायब्ऱ्या "/यूएसआर/लिब/एक्स८६-६४-लिनक्स-ग्नू" या फोल्डरमध्ये. सगळ्या तिथेच आहेत तर याही तिथेच टाकू, असं म्हणून रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन पेस्ट केलं. फाइल मॅनेजरने विचारलं, काही नावं आधीच आहेत, बदलू का? त्याने "सगळ्या बदला" दाबलं.

प्रोग्राम चालला नाही तो नाहीच. संध्याकाळी मशीन बंद केलं, सकाळी चालू केलं तर लॉगिनऐवजी काळा पडदा. ॲप्ट, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणारी कमांड, तीही चालेना.

तीन अण्णा

या कारखान्यात कुणी "अण्णा" अशी हाक मारली की किमान तिघं माना वर करतात. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्याला हे सांगायला नको. मराठी पोरगा "अण्णा" म्हणतो तेव्हा वडिलांना किंवा वडिलांसारख्या माणसाला हाक मारत असतो. तेलुगू आणि कन्नड घरांत तोच शब्द थोरल्या भावाला. मागाच्या खडखडाटातही गोंधळ का होत नाही? कारण कोण बोलतंय, कुठल्या भाषेत, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

लायब्रऱ्यांचंही तेच. ३२-बिट लिबएसटीडीसी++ आणि ६४-बिट लिबएसटीडीसी++ यांचं नाव अक्षरशः एकच: "लिबएसटीडीसी++.एसओ.६". आतला यंत्रकोड वेगळा, पत्त्यांची लांबी वेगळी, एकीच्या जागी दुसरी कधीच चालणार नाही. ज्या प्रोग्रामला जी हवी ती मिळायची असेल तर नाव नाही, जागा वेगळी हवी. सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे.

ही जागा वेगळी करायचा प्रश्न २००३ पासूनचा. एएमडीने त्या वर्षी ऑप्टेरॉन आणला, जो जुना ३२-बिट कोडही त्याच जोमाने चालवायचा. एका मशीनवर दोन्ही जातींचे प्रोग्राम चालणार हे तेव्हाच ठरलं. रेडहॅटच्या गोतावळ्याने सोपा मार्ग घेतला: जुन्या ३२-बिट लायब्ऱ्या "लिब"मध्ये जशा आहेत तशा राहू देत, नव्या ६४-बिट लायब्ऱ्या "लिब६४"मध्ये. जुन्या प्रोग्रामांना काही बदलावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण घरं दोनच. उद्या त्याच मशीनवर एआरएम या वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरच्या लायब्ऱ्या ठेवायच्या झाल्या तर त्या कुठे जाणार?

डेबियनने आधी शुद्ध ६४-बिट व्यवस्था केली आणि ३२-बिटवाल्यांसाठी "आयए३२-लिब्ज" नावाचं एक गाठोडं दिलं. गाठोडंच म्हणायला हवं. अनेक लायब्ऱ्यांच्या ३२-बिट प्रती एका पॅकेजमध्ये कोंबलेल्या. त्यातल्या एकीला सुरक्षा दुरुस्ती आली की अख्खं गाठोडं पुन्हा बांधायचं. ज्यांनी ते वापरलंय त्यांना आठवत असेल, नको असलेल्या पन्नास गोष्टी यायच्या आणि हवी ती नसायची.

मग मल्टिआर्च आलं. उबंटूत २०११ मध्ये त्याची सुरुवात झाली, डेबियनमध्ये २०१३ च्या सातव्या आवृत्तीत. कल्पना अशी की प्रत्येक आर्किटेक्चरला (प्रोसेसरच्या जातीला) त्याच्या पूर्ण नावाचा फोल्डर: "एक्स८६-६४-लिनक्स-ग्नू", "आय३८६-लिनक्स-ग्नू", "एआरएम-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ", "एआर्च६४-लिनक्स-ग्नू". नाव लांबलचक आहे, पण त्यात प्रोसेसर, कर्नल आणि एबीआय (प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातला करार) सगळं येतं, त्यामुळे किती घरं वाढली तरी भिंतीला भिंत लागत नाही. गंमत म्हणजे "आय३८६" हे फक्त नाव उरलंय; डेबियन १२ खऱ्या ३८६ वर चालत नाही, किमान ६८६ वर्गाचा प्रोसेसर लागतो.

आपल्या पुतण्याने ३२-बिटची माणसं ६४-बिटच्या घरात नेऊन बसवली होती, आणि दारावरच्या पाट्याही बदलल्या होत्या.

दुपारी तीन ते सहा

काळ्या पडद्यावर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं, टेक्स्ट लॉगिन आलं. एलएस चालतं, सुडो चालतं. ॲप्ट चालवलं तर: "लिबएसटीडीसी++.एसओ.६: राँग ईएलएफ क्लास: ईएलएफक्लास३२". हे वाचून मी पुतण्याकडे वळलो आणि विचारलं, "जुन्या डिस्कवरून कॉपी केलंस ना?" तो गप्प. मालकांनी त्याच्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही, म्हणून विषय बदलला आणि चहा सांगितला.

नशीब एवढंच की पानावरच्या यादीत लिबसी (जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी) नव्हती. लिबसीच्या जागी ३२-बिटवाली बसली असती तर एलएस, कॉपी, सुडो, सगळंच मेलं असतं आणि बाहेरून दुसऱ्या डिस्कने बूट करण्यावाचून उपाय उरला नसता.

आता ही जागा जरा जवळून बघण्यासारखी आहे. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये एकाच लायब्ररीची सहसा दोन नावं असतात: खरी फाइल आणि तिच्याकडे बोट दाखवणारी लिंक. डेबियन १२ मध्ये खरी फाइल "लिबएसटीडीसी++.एसओ.६.०.३०" आणि "लिबएसटीडीसी++.एसओ.६" ही तिची लिंक. डेबियन ६ मध्ये लिंकचं नाव तेच, खरी फाइल मात्र "...६.०.१३". कॉपी करताना खऱ्या फाइलींची नावं वेगळी, म्हणून त्या शेजारी शेजारी बसल्या. लिंकचं नाव सारखं, म्हणून तेवढीच बदलली गेली. म्हणजे ६४-बिट लायब्ररी फोल्डरमध्ये सहीसलामत होती, फक्त तिच्याकडे जाणारी पाटी शेजाऱ्याच्या दाराकडे वळली होती. एक "एलएन -एसएफ" मारलं, पाटी परत ६.०.३० कडे वळवली, आणि ॲप्ट बोलायला लागलं. पेनड्राइव्हवर पॅकेज आणायला मी पोराला गाडीची किल्ली देऊन बसलो होतो, ते राहिलं.

लिबएक्स११ ची लिंकही तशीच सरळ केली. एलडीकॉन्फिग (लायब्ऱ्यांची नोंद ताजी करणारी कमांड) चालवल्यावर तिने उरलेल्यांबद्दल तक्रार केली: याच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या पण वेगळ्या जातीच्या लायब्ऱ्या आहेत. हा इशारा दिसला की समजावं, कुणीतरी हाताने कॉपी केलंय. पॅकेजमधून आलेल्या फाइलींनी असं होत नाही.

आगंतुक फाइली हुडकायचा माझा नेहमीचा मार्ग म्हणजे "डीपीकेजी -एस". फाइल दाखवली की ती कोणत्या पॅकेजची ते सांगते. कोणाचीच नसेल तर हाताने आणलेली. इथे डेबियन १२ मध्ये एक खड्डा आहे. "/लिब" आता "/यूएसआर/लिब"चीच लिंक झालीय, पण अनेक पॅकेजांच्या नोंदीत पत्ता अजून "/लिब/..." असाच आहे. त्यामुळे "/यूएसआर/लिब/..." असा पूर्ण पत्ता विचारला तर चांगल्या घरंदाज फाइलीही बेवारस निघतात, त्यात खुद्द लिबसी. बेवारस दिसली की डिलीट असा आंधळा नियम लावला तर पोराने जे केलं नाही ते आपण करू. म्हणून प्रत्येक नाव दोन्ही पत्त्यांनी विचारलं. अकरा फाइली खरोखर बेवारस निघाल्या. त्या पुसल्या नाहीत, एका फोल्डरमध्ये बाजूला हलवल्या, आणि ज्या पॅकेजांना हात लागला होता ती ॲप्टकडून पुन्हा बसवून घेतली. रीबूट. लॉगिनचा पडदा आला.

मग ज्याला पाच मिनिटं लागायला हवी होती ते काम केलं. "डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६", मग "ॲप्ट अपडेट", मग पॅकेजांच्या नावापुढे विसर्ग लावून आर्किटेक्चर: "लिबसी६:आय३८६", "लिबएसटीडीसी++६:आय३८६", "लिबएक्स११-६:आय३८६", जीटीके २ चं तसंच. पहिल्या पॅकेजबरोबर ३२-बिट लोडर त्याच्या जुन्या पत्त्यावर येऊन बसला, कारण तो पत्ता प्रोग्रामच्या पोटात कोरलेला आहे, तो बदलता येत नाही. बाकी सगळं "आय३८६-लिनक्स-ग्नू" या नव्या घरात. वेगळा कर्नल लागत नाही. डेबियनच्या ६४-बिट कर्नलमध्ये ३२-बिट प्रोग्राम चालवायची सोय आधीपासून चालू असते. आता एलडीडीही खरं बोलायला लागली. सगळ्या लायब्ऱ्यांपुढे पत्ते, फक्त एकीपुढे "नॉट फाउंड": लिबपीएनजी१२.

जी घरात घ्यायची नाही

लिबपीएनजी१२ डेबियन १२ मध्ये नाही, तिथे लिबपीएनजी१६ आहे. आणि १६ ची लिंक १२ च्या नावाने करून चालत नाही. नावातला आकडाच सांगतो की दोघींचा करार वेगळा आहे. प्रोग्राम सुरू झालाच तर पहिलं चित्र उघडताना कोसळेल. हा जुगाड मी लोकांना करताना पाहिलाय आणि त्यांना तो "चालतोय" म्हणताना ऐकलंय. चित्र उघडेपर्यंत चालतो.

इथे मात्र जुनी डिस्क कामाला आली. बाजूला काढलेल्या अकरांतून लिबपीएनजी१२ तेवढी घेतली आणि प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये, "/ऑप्ट"खाली, एक छोटा "लिब" करून तिथे ठेवली. मग चार ओळींची एक स्क्रिप्ट: "एलडी_लायब्ररी_पाथ" (लायब्ऱ्या आधी कुठे शोधायच्या ते सांगणारी सेटिंग) या फोल्डरकडे वळवायचा आणि प्रोग्राम चालवायचा. आयकॉन त्या स्क्रिप्टचा. हा पाथ लॉगिनच्या फाइलीत लिहायचा नाही, कारण मग मशीनवरचा प्रत्येक प्रोग्राम आधी तिथे डोकावतो. जीटीके आपल्यापुरती लिबपीएनजी१६ वापरते, प्रोग्राम १२; दोघींच्या फंक्शनांवर व्हर्जनची वेगवेगळी खूण असल्याने एकाच मेमरीत दोघी भांडत नाहीत.

पुतण्याने विचारलं, "मग काका, अकराच्या अकरा त्या फोल्डरात टाकल्या असत्या तर? ॲप्टची भानगडच नको." बऱ्याच तयार सॉफ्टवेअरवाल्या कंपन्या हेच करतात, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. पण लिबएसटीडीसी++ सारखी लायब्ररी नवी असेल तर जुन्या प्रोग्रामला चालते, उलटं होत नाही. फोल्डरमध्ये जुनी ६.०.१३ वाली ठेवली आणि सिस्टमची एखादी नवी लायब्ररी त्याच प्रोग्राममध्ये आली, की ती नवी म्हणणार मला पुढची आवृत्ती पाहिजे, आणि सगळं तिथेच अडणार. लिबसीचं त्याहून अवघड. ती आणि लोडर एकाच बांधणीचे लागतात. म्हणून मी खाजगी फोल्डरमध्ये तेवढंच ठेवतो जे सिस्टम देऊच शकत नाही. या वेळी ती एकच लायब्ररी होती.

प्रोग्राम उघडला. टर्मिनलमध्ये "कॅनबेरा-जीटीके-मॉड्यूल लोड झालं नाही" असा इशारा. पुतण्या लगेच नेटवर शोधायला निघाला, त्याला थांबवलं. ते बटणांच्या आवाजाचं मॉड्यूल आहे. ६४-बिटचं आहे, ३२-बिटचं नाही, म्हणून कुरकुर. मागाच्या आवाजात बटणाची टिकटिक कोणाला ऐकू येणार आहे?

पण डोंगल ओळखेना. मी पोर्ट बदलून पाहिले, परवानग्या तपासल्या, एलडीडी परत चालवली, सगळं जागेवर. वीस मिनिटं गेली. पुतण्या काचेखालचं पान हातात घेऊन उभा होता, म्हणाला, "काका, यात लिबयूएसबी पण लिवलंय. तुमच्यात ती आलीच न्हाई." बरोबर होतं त्याचं. प्रोग्राम लिबयूएसबी सुरुवातीला मागत नाही, डोंगल तपासायची वेळ आली की चालता चालता उघडतो, आणि अशा लायब्ऱ्या एलडीडीला दिसत नाहीत. "एलडी_डीबग" ला "लिब्ज" देऊन प्रोग्राम चालवला तेव्हा त्याची शोधाशोध ओळीने दिसली. जुन्या लिबयूएसबीचं पॅकेज डेबियन १२ मध्ये अजून आहे. विसर्ग लावून बसवलं, डोंगलचा दिवा लागला. मी पोराला कॉपी करू नको म्हणून शिकवत होतो, आणि कागद मी वाचला नव्हता.

सहाच्या सुमारास ऑपरेटर मामांनी एका हॉटेलच्या नावाच्या किनारीची फाइल पाठवली. मामा तेलुगूत काहीतरी पुटपुटले, मागाला हात जोडले आणि चालू केला. हातभर कापड निघाल्यावर त्यांनी नखाने किनारीचे धागे मोजले, मान हलवली.

दुसरे पर्याय

व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनं डेबियन ६ अख्खं ठेवता आलं असतं, आणि मालकांनी ते सुचवलंही, कुणाकडून तरी ऐकून. ते वाईट नाही. पण मागाची केबल आणि डोंगल दोन्ही आतल्या मशीनला द्यायचे, आणि सकाळच्या पाळीला ते आधी चालू करायचं, हे मामांच्या कामात वाढवायची माझी तयारी नव्हती. "क्रूट" करून ३२-बिटची वेगळी खोली हाही मार्ग होता. न मिळणारी जुनी लायब्ररी एकीऐवजी पन्नास निघाल्या असत्या तर मी तोच घेतला असता.

दिवाळीतली माझी चूक

जाताना मी "सुरक्षित राहावं" म्हणून सगळी आय३८६ पॅकेजं होल्डवर टाकली. चाललंय ते हलू नये, एवढाच विचार. दिवाळीच्या आधी गेलो तेव्हा अपडेटची यादी लांबलचक आणि बहुतेकांपुढे "केप्ट बॅक", म्हणजे अपडेट न करता रोखून ठेवलेली. सहा महिने ६४-बिट बाजूच्याही कितीतरी लायब्ऱ्यांना सुरक्षा दुरुस्त्या मिळाल्या नव्हत्या.

कारण असं: मल्टिआर्चमध्ये एका लायब्ररीच्या दोन्ही प्रती एकाच व्हर्जनच्या असाव्याच लागतात. दोन्ही पॅकेजांत काही फाइली सामाईक असतात, उदाहरणार्थ "/यूएसआर/शेअर/डॉक"मधली बदलांची नोंद. डीपीकेजी एकच फाइल दोघांच्या नावे तेव्हाच मान्य करतं जेव्हा ती दोघांत अक्षर न अक्षर सारखी असते. म्हणून जोडी एकत्रच पुढे सरकते. मी ३२-बिटवालीचा पाय धरून ठेवला, ६४-बिटवालीही जागेवर थांबली. होल्ड काढला, दोन्ही बाजू एकदम अपडेट झाल्या, प्रोग्राम पहिल्या फटक्यात उघडला. माझी भीती निराधार होती.

तेव्हापासून एवढंच पाळतो की अपडेटच्या आधी "ही पॅकेजं काढली जातील" ही यादी मोठ्याने वाचायची. लायब्ऱ्यांना दोन घरं आहेत, पण "/यूएसआर/बिन"मध्ये एका नावाचा एकच प्रोग्राम मावतो. घाईत एखाद्या प्रोग्रामपुढे विसर्ग-आय३८६ लावून एंटर मारलं की ६४-बिटवाला बाहेर जातो, कधी त्याच्यावर अवलंबून असलेले दहा जणही घेऊन.

किती वर्षं

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं. त्यात ३२-बिट इंटेलसाठी स्वतंत्र कर्नल आणि इन्स्टॉलर उरला नाही; ३२-बिट पॅकेजं आहेत ती अशाच जुन्या प्रोग्रामांना ६४-बिट मशीनवर चालवण्यापुरती. इतर ३२-बिट आर्किटेक्चरांवर वेळेचा आकडा ६४-बिटचा केला गेला, इंटेलवर मुद्दाम केला नाही, कारण केला असता तर हेच जुने प्रोग्राम मोडले असते. त्याचा दुसरा अर्थ असा की अशा प्रोग्रामाचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला संपतं.

मालकांनी विचारलं म्हणून हे सगळं सांगितलं. डेबियन १२ ची दीर्घकालीन मदत जून २०२८ पर्यंत आहे, तोवर हात लावायची गरज नाही, हेही सांगितलं. त्यांनी २०३८ हा आकडा ऐकला आणि हसले. "तवर माग ऱ्हायला तर बघू की ओ. डोंगल तुटला तर काय, ते सांगा आधी."

त्याला माझ्याकडे उत्तर नाही. डोंगल आता मागच्या पोर्टात लावलाय, जिथे बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) घेऊन जाणाऱ्याचा धक्का लागणार नाही. "/ऑप्ट"मधल्या फोल्डरची एक प्रत माझ्याकडे आहे, आणि जुनी डिस्क एका वाया गेलेल्या टॉवेलात गुंडाळून मालकांच्या कपाटात, हिशोबाच्या वह्यांखाली.